वडील ७४ वर्षांचे, तोंडाचा कॅन्सर: खोली विकायची की ठेव मोडायची?

लालबागच्या एका वाचकाने विचारलंय: वडील ७४ वर्षांचे, गालाच्या आत कॅन्सर, मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. डॉक्टर आधी ऑपरेशन, मग रेडिएशन म्हणतात. मोठा भाऊ म्हणतो, या वयात हाल कशाला, गोळ्यांवर काढू. वडिलांचे १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, जून २०२२ पासून. ते मोडायचे की चाळीतली पागडीची खोली विकायची?

खोली विकू नका. मालकाची संमती, त्याचा हिस्सा, कागदपत्रं यात महिने जातात आणि घाईत विकणाऱ्याला भाव पाडूनच मिळतो. कॅन्सर तेवढा थांबत नाही.

आता भावाचा मुद्दा. डॉक्टर जन्मतारखेपेक्षा हृदय, फुफ्फुसं, मूत्रपिंडं, वजन आणि स्वतःचं स्वतः उठणं-बसणं बघतात. परळच्या टाटा रुग्णालयात वयस्कर रुग्णांची अशी वेगळी तपासणी होते. दुसरीकडे असाल तर मागून घ्या. गोळ्यांनी आजार काही काळ दबतो, पण बरं होण्याची वाट बहुधा ऑपरेशनमधूनच जाते. वय खरं आडवं येतं ते केमोत. रेडिएशनसोबत केमो दिल्याचा फायदा वयाबरोबर घटतो आणि सत्तरीनंतर फारसा उरत नाही, शिवाय सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडांना आणि कानांना जड जातं. त्यामुळे केमो सुचवली तर ती का, हे जरूर विचारा.

म्हणजे एक खर्च कदाचित वाचेल, पण दुसरे वाढतील आणि ते अंदाजपत्रकात नसतात: आयसीयूतले जादा दिवस, नाकातल्या नळीचं खाणं, गिळण्याचे व्यायाम शिकवणारा थेरपिस्ट, रात्रीचा अटेंडंट. रेडिएशन साधारण सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस. या वयाचा माणूस बसला लोंबकळत जाणार नाही, टॅक्सी धरा. (रेडिएशनआधी दात दाखवून घ्या, नंतर दात काढणं जोखमीचं.)

ठेवीला हात लावण्याआधी सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. रुग्णालय यादीत आहे का आणि हेच ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, हे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

उरलेल्यासाठी ठेव मोडा. दोन वर्षं उलटल्यामुळे मुद्दलाच्या १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. खात्यातून थोडे काढता येत नाहीत, सगळं बंद करावं लागतं. उरलेले पुन्हा नव्या खात्यात टाका. तिमाहीचे २७,७५० रुपये व्याज घरखर्चाला लागत असेल, तर ती तूट दोघा भावांनी आत्ताच वाटून घ्या.

पैसे वडिलांचे आहेत, म्हणून मोडण्याआधी त्यांनाच विचारा. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. तुम्ही स्वतःच्या खिशातून खर्च केलात आणि जुन्या करप्रणालीत असलात, तर आयकरात १ लाखापर्यंत वजावट मिळू शकते (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी). तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.