पोहता येत नाही? नोंदवही तर लिहिता येते!

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, बायोलॉजीत चांगली. गेल्या वर्षी वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आणि तेव्हापासून 'मला कासवांवरच काम करायचंय' हा एकच जप. आता नीटचा क्लास अर्ध्यावर सोडायचं म्हणते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. यात पोट भरतं का, आणि जिला पोहताही येत नाही ती समुद्रात काय करणार?

दुसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. कासवांवरचं बरंचसं काम रात्री पुळणीवर नाहीतर दिवसा कॉम्प्युटरसमोर चालतं. पोहणं शिकलेलं बरं, पण त्यावाचून काही अडत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या पायाला धातूचा छोटा बिल्ला होता, त्यावर क्रमांक 03233. शोध घेतल्यावर कळलं की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने तो बिल्ला 2021 मध्ये ओडिशात लावला होता. म्हणजे ही बाई पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर आली होती, अंदाजे 3500 किलोमीटर कापून. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं आपापल्या बाजूलाच अंडी घालतात, असं तोवर सर्रास मानलं जायचं. हा समज कशाने हलला? ओडिशात कोणीतरी आकडा नीट लिहून ठेवला आणि गुहागरला कोणीतरी तो नीट वाचला, एवढ्याने. तीनाचा आठ वाचला असता तर बातमीच झाली नसती.

सॅटेलाइट टॅगचंही तेच. 2022 च्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून पाच माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांना सोडलं. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिला प्रयोग. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. पेपरातल्या नकाशावर तिची रेघ छान दिसते. पण कच्चा डेटा तसा नसतो. कासव श्वासाला वर येतं तेवढ्याच वेळात सिग्नल सुटतो, आणि नेमका तेव्हा सॅटेलाइट डोक्यावर असावा लागतो. त्यामुळे एखादा बिंदू कित्येक किलोमीटर चुकतो, एखादा चक्क डोंगरावर पडतो. दोन बिंदूंमधलं अंतर कापायला कासवाला ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने पोहावं लागलं असतं, असं गणित निघालं की त्यातला एक बिंदू खोडायचा. असे शेकडो बिंदू निवडून झाले की मग कळतं, मादी कुठून नुसती गेली आणि कुठे आठवडेच्या आठवडे रेंगाळली. रेंगाळली तिथे तिचं खाणं असण्याची शक्यता जास्त. त्याच पाण्यात ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासेमारी करणाऱ्या बोटी, किती आणि कधी फिरतात, हा नकाशा त्यावर ठेवला की खरं संवर्धन सुरू होतं. आकडेवारीचा कंटाळा असेल तर या क्षेत्रात दुसऱ्याच वर्षी दम लागतो, हे मी बऱ्याच मुलामुलींच्या बाबतीत पाहिलंय.

आता शिक्षण. बारावीनंतर लगेच 'मरीन बायोलॉजी'च हवी असा हट्ट नको. साधी झूलॉजीची बीएस्सी चालते, सोबत संख्याशास्त्र, 'आर' ही कॉम्प्युटरची भाषा आणि जीआयएस, म्हणजे माहिती नकाशावर मांडायचं तंत्र. एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र ही दोन नावं आधी बघा. जागा फार थोड्या असतात. दुसरा रस्ता मत्स्यविज्ञानाचा, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य कॉलेजात पदवी आणि पुढे मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, ही मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था. मला हा रस्ता जास्त आवडतो. कासवं मरतात ती बरीचशी जाळ्यात अडकून, आणि जाळं समजणारा माणूस हवाच असतो. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यातून कासव बाहेर निसटावं म्हणून जी चौकट बसवतात, तिचा भारतीय नमुना कोचीच्या सीआयएफटी या मासेमारी तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने केला. शिवाय एका प्राण्यावर नोकरी अवलंबून राहत नाही. लाखो रुपये घेऊन परदेशात 'टर्टल व्हॉलंटिअर' करणाऱ्या पॅकेजांच्या नादी मात्र लागू नका.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा आणि तुटक. सुरुवातीची कामं प्रोजेक्टवरची, मुदतीची. एमएस्सीनंतरची नेट ही पात्रता परीक्षा पास होऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. प्रोजेक्ट असिस्टंटला बहुधा त्याहून कमी. पंचविशीत मैत्रिणी फ्लॅट घेतील तेव्हा ही कुठल्यातरी फील्ड स्टेशनवर असेल. ते तुम्हाला दोघांना चालणार का, हे आत्ताच घरात बोलून घ्या.

नीट तिला देऊ द्या. फी भरली म्हणून नव्हे. अभ्यासलेली बायोलॉजी कुठेही उपयोगी पडेल. परीक्षेचा ताण संपला की, पिल्लं निघण्याचा हंगाम शिल्लक असेल तर याच वर्षी, नाहीतर पुढच्या, आठवडाभर तिला किनाऱ्यावर पाठवा. वनखात्याची परवानगी काढून, तिथल्या कासवमित्रांच्या हाताखाली. अंड्यांना, पिल्लांना परस्पर हात लावायचा नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तिने फक्त वही-पेन न्यावं.

परत आली की त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. 'पिल्लं किती गोड' एवढंच असेल तर आपण पुन्हा बोलू. तारीख, वेळ, घरट्याचा क्रमांक, अंडी किती, पिल्लं किती निघाली, किती अंडी फुटलीच नाहीत, असं सापडलं तर सरळ प्रवेश अर्जांचं बोलू.