वाचकांचे प्रश्न : रागावणं, झापणं आणि मध्येच तोंड घालणं

प्रश्न : मराठी शाळेतली माझी मुलं ‘बाई मला रागावल्या’ असं लिहितात, तसंच ‘बाई मला दटावल्या’ असंही लिहितात. पहिलं बरोबर आणि दुसरं चूक, हे मला कळतं. पण मुलांना कसं समजावू? (शिक्षिका, खानापूर)

उत्तर : भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो की नाही, यावर या क्रियापदांचे दोन गट पडतात. रागावणं, ओरडणं, डाफरणं, खेकसणं, करवादणं यांना तो लागत नाही : बाई रागावल्या, आजोबा खेकसले. दटावणं, झापणं, खडसावणं, सुनावणं, ठणकावणं यांना लागतो : बाईंनी दटावलं, साहेबांनी झापलं. नामाला करणं, देणं, काढणं, घेणं जोडून झालेले प्रयोग झाडून सगळे दुसऱ्या गटात बसतात : कानउघाडणी केली, तंबी दिली, खरडपट्टी काढली, फैलावर घेतलं.

मुलं चुकतात त्याला कारण आहे. आपल्या बेळगाव सीमाभागात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडतं, आणि कन्नडमध्ये भूतकाळातही कर्ता जसाच्या तसा राहतो. ‘टीचर ननगे बैदरु’ (बाई मला रागावल्या) यात ‘ने’ला जागाच नाही. आपल्या भागातल्या बोलीतही ‘मी काम केलो’, ‘आम्ही भात खाल्लो’ असंच म्हणतात. ती बोली चुकीची नाही आणि त्यावरून मुलांना हिणवू नये. फक्त परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहायची आहे, एवढं सांगावं. क्रियापदं दोन रकान्यांत लिहून घ्या आणि प्रत्येकाचं वाक्य भूतकाळातच करून घ्या. ‘बाई दटावतात’ या वर्तमानकाळी वाक्यात फरक दिसतच नाही, म्हणून तिथे सराव करून उपयोग होत नाही.

ज्याच्यावर राग निघतो, त्याला लागणारा प्रत्ययही शिकवायला हवा. ‘बाई मला रागावल्या’ म्हणजे बोलल्या. ‘बाई माझ्यावर रागावल्या’ म्हणजे मनात राग धरला. कदाचित एक शब्दही उच्चारला नसेल. डाफरणं आणि खेकसणं यांना मात्र ‘वर’च लागतो. ‘मला खेकसला’ असं होत नाही.

प्रश्न : पतसंस्थेच्या सभेत सचिवांना बरंच बोलणं बसलं. इतिवृत्तात कोणता शब्द लिहावा? (वाचक, निपाणी)

उत्तर : ‘समज दिली’ हा सर्वांत सौम्य शब्द : चूक दाखवली, विषय तिथे संपला. ‘ताकीद’ पुढच्या वागण्याविषयी असते : अमुक करा, तमुक करू नका. ‘तंबी’त त्याच्या जोडीला धाक येतो, पुन्हा असं झालं तर कारवाई होईल असा. खरडपट्टी काढली, हजेरी घेतली, धारेवर धरलं हे शब्द बातमीदाराचे. त्यांत लिहिणाऱ्याचं मत मिसळतं, आणि प्रकरण पुढे वाढलं तर सचिव त्याच शब्दावर बोट ठेवतील. कानउघाडणीही नको, तिला वडीलकीचा वास आहे. असं लिहा : ‘वसुलीस विलंब झाल्याबद्दल सचिवांना समज देण्यात आली व थकबाकीचा अहवाल ३१ मार्चपूर्वी सादर करण्याची ताकीद देण्यात आली.’

कन्नड पत्रकावरून मराठी करताना एक पथ्य पाळा. ‘ताकीतु’ हा आपलाच ‘ताकीद’ आहे, त्याची तंबी करू नका. ‘एच्चरिके’ला इशारा म्हणा. ‘तराटेगे तेगेदुकोंडरु’ असेल तरच धारेवर धरलं.

प्रश्न : ग्रामसभेत बोलत असताना वडीलधारी माणसं मध्येच बोलतात. अपमान न करता कसं थांबवावं? (तरुण वाचक, उचगाव)

उत्तर : ‘मध्ये तोंड घालू नका’ हे मोठ्या माणसाला कधीही म्हणू नये. ‘नका’ लावल्यानं ते आदराचं होत नाही. कन्नडमधलं ‘नडुवे बायि हाकबेड’ही तसंच बोचतं. समोरच्याच्या तोंडावर न जाता आपल्या बोलण्यावर या : ‘मामा, माझं एवढं पुरं होऊ द्या, मग तुमचं ऐकतो.’ आणि खरंच ऐका; नाहीतर पुढच्या सभेत हे वाक्य चालणार नाही.

मध्ये बोलणारा प्रत्येक जण बोलणं तोडतोच असं नाही. कुणी फाटे फोडतो, म्हणजे विषय भलतीकडे नेतो. त्याला मूळ मुद्द्याची आठवण द्यावी. कुणी री ओढतो, म्हणजे तुमचंच म्हणणं पुढे नेतो. त्याला थांबवायचं कारणच नाही.

प्रश्न : मध्ये बोलण्याला ‘हटकणं’ म्हणावं का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. हटकणं म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून जाब विचारणं, रखवालदार हटकतो. बोलणाऱ्याच्या बाबतीत ‘मध्येच अडवलं’ किंवा ‘बोलणं तोडलं’ असं लिहा.