नाव घेऊन गा

चि. पोरीस,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र आणि गीत, दोन्ही वाचलं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी बसून तुला रडू आलं आणि पुढच्या रविवारी उपासनेत गाताना मन कोरडंच राहिलं, म्हणून तू घाबरलीस. त्यात कुणीतरी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय काढून दाखवला: उत्पन्नकर्त्याला सोडून उत्पन्न केलेल्या वस्तूंची भक्ती करू नये. रडलीस त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझं भांडण तुझ्या गीताशी आहे.

तीन कडव्यांत 'सुंदर सृष्टी' चार वेळा, 'रम्य निसर्ग' दोनदा, आणि दुसऱ्या कडव्यात चक्क हिमशिखरं! नगरच्या पोरीने हिमशिखरं पाहिली कधी गं? सप्टेंबरात गेली होतीस ना? मग गडावर सोनकी पिवळीधम्मक फुललेली असणार, तुझ्या पायाशीच. ती कुठे गेली?

नाव घे. जे पाहिलंस त्याचं नाव घे, मग आभार मान.

एकशेचारावं स्तोत्र पुन्हा वाच, पण या वेळी मोजत वाच. करकोच्याचं घर देवदारूवर. उंच डोंगर रानबकऱ्यांना. सिंहाचे छावे रात्री गर्जतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात. 'सर्व प्राणी' म्हणून स्तोत्रकर्त्याला एका ओळीत मोकळं होता आलं असतं. दुःखाने पिचलेल्या ईयोबाने जाब विचारला तेव्हा देव तरी काय बोलला? गारांची कोठारं पाहिलीस का, रानबकरी कधी विते ठाऊक आहे का, शहामृगी अंडी मातीत टाकून जाते ती कुणाच्या भरवशावर. ईयोबाच्या पुस्तकात ३८ ते ४१ असे चार अध्याय हेच चाललंय.

आणि रोमकरांसच्या त्या अध्यायाचं म्हणशील, तर सोनकीला सोनकी म्हटलं की ती सोनकीच राहते, वीतभर रोप. तिचा देव होत नाही. 'निसर्ग' असं मोठं, बिनचेहऱ्याचं काही म्हटलं की मात्र हात आपोआप जोडले जातात. धोका तिथे आहे. तुला ज्याने वचन दाखवलं त्याला हे सांग, नाहीतर नको सांगू, वाद वाढेल.

थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, पाद्री, १५७९ साली गोव्यात आला. १६१६ मध्ये तिथल्या राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य छापलं गेलं. त्यात मराठीचं कौतुक करताना त्याने फुलांमध्ये मोगरी घेतली, परिमळांत कस्तुरी, पाखरांत मोर. मायदेशातली फुलं काय त्याला आठवत नसतील? आणि आपण इथेच जन्मून हिमशिखरं गातो! आपल्याच नगरात राहिलेल्या कवी ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी फुलं मागे टाकली नाहीत, अभंगही टाकला नाही. आपलं गीतपुस्तक 'उपासना संगीत' चाळताना चाल परदेशी कुठली आणि घरची कुठली, हे तुझ्या कानाला कळतंच.

हे मी इतकं तावातावाने का सांगतो? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक म्हातारी होत्या, कोरडवाहू शेतीवाल्या. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की सुरू: बाजरीबद्दल आभार, बांधावरच्या बोरीबद्दल, विहिरीत उरलेल्या हातभर पाण्याबद्दल, होला पाखरांच्या जोडीबद्दल, व्यालेल्या शेळीबद्दल. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. एका रविवारी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "मावशी, प्रार्थना जरा आटोपती घ्या." त्या "बरं" म्हणाल्या. नंतर कधी मोठ्याने प्रार्थना केलीच नाही. वारल्या तोवर नाही.

माझंही सगळंच चुकलं असं नाही हं. उपासना दीड तासावर जायची, पोरं रडायची, वस्तीवरच्या लोकांची एस.टी. चुकायची. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पण ती यादी मला तेव्हा लांबण वाटली, आणि आज त्या मंडळीतली दुसऱ्या कुणाची एक प्रार्थना आठवत नाही. बोर आठवते. होला आठवतो. आता सांग, भक्ती कोण करत होतं?

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी सांगतो: नाव घे. माहीत नसेल तर गुराख्याला विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तू पाहिलीस ती फुलावर होती की नुसती पानं होती? नुसती पानं असतील तर पानंच लिही, मनाने फुलवू नकोस. रविवारचा कोरडेपणा लगेच जाईल असं मी म्हणत नाही. माझा अजून पुरता गेलेला नाही.

गीत परत पाठवतोय. हिमशिखरांवर लाल रेघ मारली आहे, रागावू नकोस. तिसऱ्या कडव्यात 'एक पक्षी गाई' असं लिहिलंयस. कोणता?

तुझा,
काका