बालनाट्यासाठी कॅमकॉर्डरच घ्या

ताई, साताऱ्यात मुलीची बालनाट्यं पूर्ण चित्रित करायची, वर्षातून एकदा कासची फुलं टिपायची, आणि पैसे एकाच कॅमेऱ्याचे; मग कॅमकॉर्डर, म्हणजे खास व्हिडिओसाठीचा कॅमेरा, घ्यावा की फोटोचा, असं तुम्ही विचारलंत. माझं मत कॅमकॉर्डरला.

मी सांगलीत बरीच वर्षं हौशी नाटकं चित्रित करतोय. सुरुवातीला माझ्याकडे व्हिडिओची सोय असलेला फोटोचा कॅमेरा होता. भावे नाट्यमंदिरात भाचीचं नाटक होतं. अंक रंगात आला आणि २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. माझी नजर रंगमंचावर होती, स्क्रीनवर नाही. तिचा प्रवेश राहिलाच. आजही त्याची हळहळ वाटते.

तो बिघाड नव्हता. सलग तीस मिनिटं चित्रण करू शकणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जादा आयात शुल्क लागे, म्हणून कंपन्याच ही मर्यादा घालत. बऱ्याच नव्या मॉडेलांत ती नाही, पण फोर-केमध्ये, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्रणात, तापून बंद पडणारे आहेत.

त्याहून मोठी अडचण फोकसची. फोटोच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, मोठा; एपीएस-सी या आकाराचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. त्यामुळे मागचं सगळं धूसर होतं, ते फोटोत सुंदर दिसतं. नाटकात मात्र आई पुढे आणि मुलगी मागे उभी असली की एकीचाच चेहरा स्पष्ट येतो. कॅमकॉर्डरचा सेन्सर छोटा, त्यामुळे दोघीही स्पष्ट. शिवाय शेवटच्या रांगेतून चेहऱ्यापर्यंत झूम जातो, तोही झटका न बसता. दिवे मंद झाले की चित्रात दाणे दिसतात, ते सोसावं लागतं.

एक्स्पोजर, म्हणजे चित्रातला उजेड, ऑटोवर ठेवू नका. मागचा काळा पडदा बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, दिव्यांमुळे चित्र सहसा लुकलुकणार नाही.

आवाज कुठल्याच कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडू नका. मागून घेतला की संवादांपेक्षा खोकलाच जास्त येतो. माइक आणि हेडफोन दोन्ही लावता येतील असंच मॉडेल घ्या, आणि छोटा रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवा.

कासला सीतेची आसवं ही इवलीशी फुलं टिपायला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लेन्स लावलेला फोटोचा कॅमेराच हवा, यात वाद नाही. पण तो बहर काही आठवड्यांचा. तेवढ्यापुरता चांगला फोन चालवा.

दुकानात वीजजोडणीवर पाऊण तास रेकॉर्डिंग चालू ठेवून बघा, मगच पैसे द्या.