नेट नसलेल्या मशीनवर डेबियन (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टीम) चालवायचंय? मग हे वाचा

नेटइन्स्ट इमेजच्या (इमेज म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) वाटेला जाऊ नका, ती आकाराने लहान असली तरी बहुतेक सामान नेटवरूनच आणते. सरळ डीव्हीडी-१ ची इमेज घ्या, साधारण ४ जीबीची. डेस्कटॉप, लिबरऑफिस सगळं त्यात येतं. उतरवल्यावर शा-२५६ बेरीज (SHA-256, फाइल जशीच्या तशी उतरलीय का हे सांगणारा आकडा) डेबियनच्या साइटवरच्या बेरजेशी नक्की जुळवून बघा. खराब इमेज अर्ध्या इन्स्टॉलेशनमध्ये दगा देते आणि मग दोष कुठे शोधायचा तेच कळत नाही.

खरी अडचण पुढे, नवं सॉफ्टवेअर टाकताना. एकेक डेब फाइल (डेबियनचं सॉफ्टवेअर पॅकेज) पेनड्राइव्हवर आणत बसलात तर डिपेंडन्सींच्या (एका पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या) मागे धावून जीव मेटाकुटीला येईल. त्यापेक्षा एपीटी-ऑफलाइन (apt-offline) हे साधन वापरा. तुमच्या मशीनवर ते काय काय लागणार याची यादी, म्हणजे सिग्नेचर फाइल, बनवतं. ती नेट असलेल्या कॉम्प्युटरवर न्या, तिथे सगळी पॅकेजेस एका झिपमध्ये गोळा होतात, ती झिप घरी आणून लावा. सुरक्षा अपडेटही याच मार्गाने अधूनमधून आणत जा. बाहेरचा पेनड्राइव्ह लागतो तिथे धोका असतोच.

आणि घड्याळ! नेट नसलं की ते आपोआप जुळत नाही. तारीख मागे राहिली तर ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणत एपीटी (डेबियनचं पॅकेजेस टाकणारं साधन) अडून बसतं. तेव्हा आधी तारीख बघा.