कोपराशी नस दबलीय? आधी कोपराचं वाकणं कमी करा

करंगळी आणि शेजारच्या बोटाला दीड महिन्यापासून मुंग्या येतात, डॉक्टरांनी कोपराशी अलनर नस दबल्याचं सांगितलंय आणि व्हिडिओ बघून रोज पन्नास वेळा व्यायाम करूनही त्रास वाढतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो व्यायाम आजच थांबवा. बोटांचा चष्मा करून, हात उलटा वळवून तो डोळ्यांवर टेकवायचा, त्यात नस चांगलीच ताणली जाते. मीही सुरुवातीला हेच करत होतो, आणि संध्याकाळपर्यंत हात नुसता ठणकायचा.

टेबलाच्या कडेवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच नसेची. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून ती एका चिंचोळ्या वाटेने जाते. कोपर दुमडलं की ती वाट आणखी आवळते आणि नसही ताणली जाते. माझं दुखणं झोपेत वाढायचं, कारण हात दुमडून गालाखाली घ्यायची सवय. बायकोने जुना पंचा कोपराभोवती सैलसर गुंडाळून दिला, म्हणजे हात पुरता दुमडताच येईना. दोनेक आठवड्यांत पहाटेचा बधिरपणा बराच उतरला. दिवसा फोन कानाला धरून बोलणं आणि खुर्चीच्या हातावर कोपर टेकणंही सोडलं.

2009 साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या 70 जणांचे तीन गट केले होते: एकाला कोपर दुमडू न देणारा रात्रीचा पट्टा, दुसऱ्याला नसेचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त काय टाळायचं याची नीट माहिती. सहा महिन्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखाच फरक पडला होता. म्हणून सवयी आधी, व्यायाम नंतर.

व्यायाम करायचाच तर नस ताणू नका, हळू सरकवा. हात समोर सरळ करून ‘थांब’ म्हणताना धरतो तसा पंजा मागे वळवा. मग कोपर दुमडत आणताना मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा. एक टोक ताणलं की दुसरं सैल सुटायला हवं. पाच-सात वेळा, दिवसातून दोनदा, बस. मुंग्या नंतरही रेंगाळल्या तर निम्मं करा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष बघून घेतलंत तर फार बरं.

किल्ली फिरवताना जोर लागत नसेल, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसत असेल किंवा बधिरपणा जातच नसेल, तर व्यायामावर वेळ घालवू नका. नसेची तपासणी करून घ्या, ऑपरेशनचा निर्णय लांबवला की गेलेली ताकद परत येणं अवघड होतं. अशा मुंग्या मधुमेह, बी12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मानेतल्या त्रासानेही येतात, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. कुष्ठरोगातही हीच नस कोपराशी जाड होते. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर संकोच न करता दाखवा. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर हात वाचतो.

तुमचं काम कसलं आहे? शिवणकाम किंवा दिवसभर लॅपटॉप असेल तर खुर्ची-टेबलाची उंची कळवा, त्याबद्दल वेगळं लिहितो.