व्हाइट कार्ड नाशिकहून काढून जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, नाशिकमध्ये चार वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काम केलंय, आणि फेब्रुवारीत स्टुडंट व्हिसावर सिडनीला जायचंय. अभ्यास सांभाळून बांधकामावर काम करायचा विचार आहे. एजंट म्हणतो, व्हाइट कार्ड इथूनच ऑनलाइन काढून देतो, पैसे भरा.

पैसे भरू नका. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणी गळ घातली तरी फसायला होणार नाही.

व्हाइट कार्ड म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बांधकामावर पाऊल टाकण्यासाठी लागणारं प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड. त्यामागे एकच युनिट आहे, त्याचा कोड सीपीसीडब्ल्यूएचएस १००१. ते फक्त नोंदणीकृत प्रशिक्षण संस्था शिकवू शकते. तिला तिकडे सगळे आरटीओ म्हणतात. (आपल्या आरटीओशी काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकताना गोंधळ होतो.) संस्था खरी आहे का, आणि तिच्याकडे हे युनिट आहे का, ते ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या सरकारी साइटवर दोन मिनिटांत दिसतं.

आता अडचण. हे युनिट पूर्ण केल्याचा दाखला द्यायचा तर संस्थेला तुमचा यूएसआय लागतो. यूएसआय म्हणजे दहा अक्षर-अंकांचा विद्यार्थी क्रमांक. तो फुकट मिळतो आणि स्वतःच काढायचा असतो. भारतीय पासपोर्टवर तो काढताना तुमचा व्हिसा सरकारी नोंदीशी ताडून पाहिला जातो, आणि ती नोंद तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर इमिग्रेशन ओलांडल्यावरच जुळते. नाशिकमध्ये बसून कितीही वेळा फॉर्म भरला तरी तो पुढे सरकत नाही. मग एजंट नेमकं काय देणार आहे? बहुतेक वेळा एखाद्या खासगी ऑनलाइन कोर्सचं रंगीत प्रमाणपत्र. साइटच्या गेटवर त्याची किंमत शून्य.

दुसरं कारण सिडनीचं. व्हाइट कार्ड देशभर चालतं, पण ते कसं शिकवायचं हे राज्याचा नियामक ठरवतो. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये हे काम सेफवर्क एनएसडब्ल्यू या सरकारी संस्थेकडे आहे, आणि तिथे प्रशिक्षकासमोर वर्गात बसून हे युनिट करायचं असतं. क्वीन्सलँडसारख्या काही राज्यांत ऑनलाइन प्रशिक्षणाला वाव राहिला आहे आणि जाहिराती त्याच आधारावर केल्या जातात. राहणार सिडनीत आणि कार्ड आडवाटेने दुसऱ्या राज्यातून, हा प्रकार करू नका. शिकवल्याशिवाय वाटलेली कार्डं उघडकीस आली की नियामक ती रद्द करतो, आणि तेव्हा कार्ड हातात असूनही तुम्ही गेटबाहेर.

नेबॉश, आयओएसएच, ओशा ३० या परदेशी सुरक्षा कोर्सांपैकी काही केलं असेल तर बायोडेटात जरूर लिहा. पण त्यातलं काहीही व्हाइट कार्डाच्या जागी चालत नाही. आखातातून थेट ऑस्ट्रेलियाला गेलेले आपले कोकणातले लोक इथेच अडतात: दहा वर्षांचा अनुभव, पाच-सहा सेफ्टी कार्डं, आणि तरी पहिल्या दिवशी परत पाठवतात.

तर क्रम असा ठेवा. सिडनीला उतरल्यावर आधी बँक खातं आणि फोन नंबर. मग यूएसआय. इथे आपल्या नावांची गंमत आडवी येते. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. लोक सवयीने वडिलांचं नाव मधल्या नावाच्या रकान्यात टाकतात किंवा गाळतात, आणि पडताळणी नापास होते. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच रकान्यांत, अक्षर न अक्षर भरा. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, तर फॉर्ममध्ये एकच नाव असल्याचा पर्याय आहे, तो निवडा. व्हिसा मिळाल्यानंतर पासपोर्ट बदलला असेल, तर नवा क्रमांक आधी इमीअकाउंटमधून (व्हिसाच्या अर्जाचं ऑस्ट्रेलिया सरकारचं ऑनलाइन खातं) कळवा, नाहीतर जुना-नवा मेळ बसत नाही.

मग क्लास बुक करा. एक दिवसाचा असतो, साधारण सहा तास. फी १०० डॉलरच्या आसपास धरून चला, संस्थेप्रमाणे कमीजास्त. न्यू साउथ वेल्समध्ये ओळखीसाठी १०० गुणांची कागदपत्रं मागतात आणि नुसत्या पासपोर्टने १०० भरत नाहीत. सोबत ऑस्ट्रेलियातलं बँक कार्ड, विद्यापीठाचं ओळखपत्र, पत्त्याचा कागद असं काहीतरी लागतं. कशाला किती गुण, ती यादी बुकिंग करतानाच मागून घ्या. सगळं मूळ प्रतीत न्या. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स दाखवून बसता येईल असं समजून गेलात, तर दिवस आणि फी दोन्ही जातात.

वर्ग इंग्रजीत चालतो. अवघड इंग्रजी नसतं, पण उत्तरं तुमची तुम्हीच द्यायची असतात. शेवटी प्रश्नांचा भाग असतो आणि सुरक्षा साधनं घालून दाखवायचा भाग असतो.

साधनं घालून दाखवण्यात अनुभवी माणूसही चुकतो, कारण आपल्याकडे ती ‘आहेत’ एवढंच पाहिलं जातं. फोमचे इअरप्लग घ्या. बहुतेक जण ते कानाच्या तोंडाशी नुसते दाबून ठेवतात, आणि मग त्यांचा काही उपयोग होत नाही. स्वच्छ बोटांनी प्लग वळून सुरकुती न पडता बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाचा मार्ग सरळ होतो, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. तसंच मास्कचं. दाढी असेल तर चेहऱ्याला चिकटून बसणारा मास्क सील धरत नाही, कडेने धूळ आत जाते. हेल्मेटच्या आतला पट्टा मागच्या चक्रीने आवळायचा. मान खाली घातली तरी ते हललं नाही पाहिजे.

प्रश्नांत आपल्या लोकांचा सर्वात जास्त घोटाळा धोका आवरण्याच्या उतरंडीत होतो. उतरंड अशी: धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा, धोका माणसांपासून अलग करा, यांत्रिक उपाय करा, मग कामाची पद्धत आणि सूचना, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. स्लॅबच्या कडेवरून पडण्याचा धोका आहे, पहिला उपाय काय, असं विचारलं की आपण चटकन ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणतो. तिथे अपेक्षित विचार असा: हे काम खाली जमिनीवर करून वर चढवता येईल का? नसेल तर कडेला कठडा. बेल्ट त्याच्याही नंतर. हे पाठ करू नका. चार वर्षं ज्या स्लॅबवर उभे राहिलात तो डोळ्यांसमोर आणून विचार करा, मग आपोआप लक्षात राहतं.

आकडे थोडेच आहेत: दोन मीटरहून जास्त उंचीवरून पडण्याचा धोका, किंवा १.५ मीटरहून खोल चर, म्हणजे जास्त धोक्याचं काम. त्यासाठी काम सुरू होण्याआधी लेखी कार्यपद्धती लागते, तिला सगळे ‘स्विम्स’ म्हणतात. अग्निशामक नळकांडी सगळी लालच असतात, फरक पट्ट्यात: पाण्याला पट्टा नसतो, फोमला निळा, पावडरला पांढरा, कार्बन डायऑक्साइडला काळा. विजेच्या आगीवर पाणी आणि फोम दोन्ही वर्ज्य. आणीबाणीचा नंबर ०००.

ॲस्बेस्टॉसबद्दल मात्र थांबून वाचा. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस घातलेला सिमेंटचा पत्रा म्हणजे गोठ्यापासून शाळेच्या शेडपर्यंत सगळीकडे. तो करवतीने कापतात, खिळा ठोकतात, फुटला की तुकडे झाडून एका कोपऱ्यात लोटतात. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, पण १९९० पूर्वीच्या घरांच्या भिंतींत, छतात, बाथरूममध्ये तो अजून आहे. तिकडे त्या पत्र्याला ‘फायब्रो’ म्हणतात. तुम्हाला तो ओळखीचा वाटेल, हाताला सवयीचा वाटेल, आणि धोका तिथेच आहे. जुन्या घराच्या पाडकामात असा पत्रा दिसला तर तोडायचा नाही, ड्रिल करायचा नाही, झाडायचाही नाही. हात थांबवा, बाजूला व्हा, सुपरवायझरला सांगा. दहा चौरस मीटरहून जास्त पत्रा काढायचा तर परवाना असलेलाच माणूस लागतो. सिलिकाचंही (काँक्रीट, दगड कापताना उडणारी बारीक धूळ) असंच: काँक्रीट किंवा फरशी कोरडी कापू नका. कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर तर १ जुलै २०२४ पासून देशभर बंदी आहे, कारण ते कापणाऱ्या तरुणांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसात तीच सर्वात महत्त्वाची आहे. जिवाला गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर काम थांबवण्याचा हक्क कामगाराला आहे. कामाच्या जागेवरच्या आरोग्य आणि सुरक्षेच्या २०११ च्या कायद्याचं कलम ८४. आपण मुकादमाला आणि साहेबाला ‘नाही’ म्हणायला शिकलेलो नसतो. परदेशात नवीन असताना, तासांवर पैसे मिळत असताना तर आणखीच अवघड जातं. म्हणून वाक्य आधीच तयार ठेवा, साधं इंग्रजी चालेल: ‘आय ॲम नॉट कम्फर्टेबल डूइंग धिस, इट इज नॉट सेफ.’ आधी बोलून सराव केलेला असला की ऐनवेळी तोंडातून निघतं.

उत्तीर्ण झालात की संस्था दाखला देते आणि कार्ड टपालाने येतं. तोवर त्या दाखल्यावर काम करता येतं, पण जास्तीत जास्त ६० दिवस. नवे विद्यार्थी दोन महिन्यांत दोनदा घर बदलतात आणि कार्ड पहिल्याच घरी जातं. पत्ता असा द्या जिथे टपाल नक्की हाती लागेल.

सामानात हेल्मेट आणि हार्नेस भरू नका. तिकडे एएस/एनझेडएस या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकाचं चिन्ह पाहतात, आपलं आयएसआय चिन्ह चालत नाही. बूटही तिकडेच घ्या, २२१०.३ हे मानक लिहिलेले.

कार्ड म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. स्टुडंट व्हिसावर कोर्स सुरू होईपर्यंत काम करता येत नाही, आणि सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. परांची बांधणं, क्रेनला माल अडकवणं, फोर्कलिफ्ट चालवणं यांना वेगळा हाय रिस्क परवाना लागतो. व्हाइट कार्डावर यातलं काहीही करायला सांगितलं तर नकार द्या. आणि प्रत्येक नव्या साइटवर त्या साइटचं वेगळं इंडक्शन (तिथले धोके आणि नियम समजावून देणं) होतं, कार्ड असलं तरी.

कार्डावर मुदत छापलेली नसते म्हणून ते कायमचं समजतात. सलग दोन वर्षं बांधकामाचं काम केलं नाही तर ते बाद होतं आणि प्रशिक्षण पहिल्यापासून. मधे नाशिकला परत येऊन दोन वर्षं राहिलात, तर हेच लागू. हरवलं तर मात्र ज्या राज्याने दिलं त्याच राज्याकडून दुसरी प्रत मिळते. म्हणून कार्ड हातात आलं की दोन्ही बाजूंचा फोटो आणि दाखल्याची पीडीएफ ईमेलवर टाकून ठेवा, पण साइटवर जाताना मूळ कार्ड खिशात असू द्या. निरीक्षकाने मागितलं की दाखवावं लागतं.